तुमचे प्रश्न : रेडिओवरची गाणी का बदलतात, कशी बदलावीत

प्रश्न : आमच्या भागातलं जुन्या गाण्यांचं एफएम स्टेशन दोन दिवस एकच गाणं वाजवत होतं. तिसऱ्या दिवशी सगळी नवी गाणी सुरू झाली. काही बिघाड होता का?

उत्तर : बिघाड नव्हे, मुद्दाम केलेला प्रकार. फॉरमॅट, म्हणजे स्टेशनवर कोणत्या प्रकारचे कार्यक्रम लागतात तो साचा, बदलण्याआधी जुना श्रोता पांगावा आणि चर्चा व्हावी म्हणून असं करतात. या धंद्यात त्याला ‘स्टंटिंग’ म्हणतात. निवेदकांनाही बहुधा शेवटच्या क्षणीच कळतं, कारण बातमी फुटली तर शेजारचं स्टेशन तोच फॉरमॅट आधी उचलेल. जुन्या गाण्यांना श्रोते नसतात असं नाही. पण जाहिरातदार बऱ्याच ठिकाणी 25 ते 54 वयोगटासाठी पैसे मोजतात. श्रोतावर्ग साठीकडे झुकला की संख्या टिकूनही दर उतरतात. मग ‘जुनी गाणी’ एकेक दशक पुढे सरकवतात, नाहीतर पाटीच बदलतात.

प्रश्न : हजारो गाणी असताना रोज त्याच वेळी तेच गाणं का लागतं?

उत्तर : वारंवार वाजणं हा धोरणाचा भाग आहे, त्याच वेळी लागणं ही मात्र गणिताची चूक. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या ओमाहा शहरात टॉड स्टोर्झ यांनी मोजकीच लोकप्रिय गाणी पुन्हापुन्हा वाजवण्याची पद्धत रुजवली. श्रोता थोडाच वेळ ऐकतो. तेवढ्यात त्याला ओळखीचं काहीतरी मिळायला हवं, हा त्यामागचा हिशेब.

आता चूक कुठे होते ते पाहा. स्टेशन गाण्यांचे गट करतं आणि प्रत्येक गटाला दर तासाला ठरावीक जागा देतं. गटातल्या गाण्यांच्या संख्येला तासातल्या जागांनी भागलं की एक फेरी किती तासांची ते कळतं. 6 गाणी आणि तासाला 2 जागा म्हणजे 3 तासांची फेरी. 24ला 3ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे प्रत्येक गाणं रोज ठरल्या वेळीच येतं. त्याच गटात 7 गाणी ठेवली तर फेरी साडेतीन तासांची होते आणि गाणं रोज अर्धा तास पुढे सरकतं. एका गाण्याचा फरक! स्टेशन रात्री बंद राहत असेल तर 24ऐवजी प्रसारणाचे तास धरा.

प्रश्न : आमचं छोटं सामुदायिक स्टेशन भाषणप्रधान कार्यक्रमांकडून संगीताकडे वळतंय. तयारी कुठून करावी?

उत्तर : जिंगलपासून नको, गाण्यांच्या यादीपासून करा. तासाला 12 गाणी धरली तर गरमागरम 7 गाण्यांना 2 जागा, मधल्या 25 गाण्यांना 4 आणि जुन्या 300 गाण्यांना 6, एवढ्यावर सुरुवात होते. एकाच गायकाच्या दोन गाण्यांत तासाभराचं अंतर ठेवा. इथे हमखास घोळ होतो तो नावांचा. एकच गायिका दोन स्पेलिंगांनी नोंदली असेल तर सॉफ्टवेअरच्या लेखी त्या दोन बायका, आणि त्यांची गाणी पाठोपाठ लागतात. म्हणून आधी नावं एकसारखी करा. युगुलगीतात दोन्ही गायकांची नोंद हवी. यादी लहान आणि नियम फार कडक असतील तर वेळापत्रकात जागा रिकाम्या राहतात. अशा वेळी आधी लयीचा नियम (सारख्याच लयीची गाणी पाठोपाठ न लावण्याचा) सैल करा; गायकाच्या अंतराला शेवटी हात लावा.

फायली कमी बिटरेटच्या (म्हणजे दर सेकंदाला कमी माहिती साठवलेल्या) असतील तर पुन्हा एमपीथ्री करू नका. इंटरनेट प्रसारणासाठी फाइल आणखी एकदा आकसवली जाते आणि टाळ्या, झांजा पाण्याखालून आल्यासारख्या ऐकू येतात. सगळ्या फायली एका पातळीवर आणा, उदाहरणार्थ उणे 23 एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक).

ऑडिओ प्रोसेसरची (प्रसारणाआधी आवाजावर संस्कार करणाऱ्या यंत्राची) भाषणासाठीची जुळणी तशीच ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी हयगय. नवी गाणी मुळातच दाबून भरलेली असतात. त्यावर पुन्हा तेवढाच कॉम्प्रेशर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा भाग) लावला तर श्रोता दमतो आणि स्टेशन बदलतो. शिवाय एफएममध्ये प्रसारणाआधी वरचे स्वर उचलले जातात, त्यामुळे चमकदार गाण्यांत लिमिटर (आवाज ठरल्या मर्यादेबाहेर जाऊ न देणारा भाग) सतत दाबत राहतो आणि ‘स’ फिसकटतो. इनपुट थोडं कमी करून ऐका.

आणि हो, सायलेन्स डिटेक्टर, म्हणजे प्रसारण गप्प झालं की ओळखणारं यंत्र, तपासा. बोलण्यासाठी दहा सेकंद ठीक असतात, पण संथ आलापाला तो शांतता समजतो आणि राखीव फीड (अडचणीसाठी तयार ठेवलेलं प्रसारण) चालू करतो. वेळ तीस सेकंदांपर्यंत वाढवा आणि उंबरठा, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज शांतता धरला जातो ती पातळी, खाली आणा.

प्रश्न : गाणी बदलली, तरी गाडीतल्या रेडिओवर जुनंच नाव का दिसतं?

उत्तर : ते आठ अक्षरी नाव स्टेशनचा आरडीएस एन्कोडर, म्हणजे एफएमसोबत मजकूर पाठवणारं यंत्र, पाठवतो. तिथे बदल राहून गेला असेल किंवा तुमच्या रेडिओने जुनं नाव साठवून ठेवलं असेल. प्रीसेट पुसून पुन्हा शोध घ्या. तरीही तेच दिसलं तर स्टेशनला कळवा, आणि कार्यक्रम-प्रकाराचा कोडही बदलायला सांगा. नाहीतर प्रकारानुसार शोधणाऱ्या रेडिओंना ते अजून जुन्याच प्रकारचं स्टेशन वाटत राहील.