केल्टिक (आयर्लंड, स्कॉटलंड, ब्रिटनीकडच्या संगीताच्या) महोत्सवात कार्यशाळा घेणारे शिक्षक दुय्यम कलाकार असतात का? पैसे मैफलींवर घालवावेत की वर्गांवर?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही व्हायोलिन वाजवता, पुढच्या उन्हाळ्यात आयर्लंडला येणार आहात आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलं की खरे कलाकार रात्री मंचावर असतात, सकाळी वर्ग घेतात ते दुसऱ्या फळीतले. हे ज्यांनी सांगितलं त्यांनी इथला एकही वर्ग आतून पाहिलेला नसणार. त्यांचं ऐकू नका.

मी आयर्लंडच्या पश्चिमेला, काउंटी क्लेअरमध्ये, एनिसला राहते. इथून तासाभराच्या आत मिलटाउन मालबे नावाचं छोटं गाव आहे. तिथले विली क्लान्सी इलिन पाइप्स (भात्याने हवा भरायची आयरिश बॅगपाइप) वाजवायचे आणि पोटापाण्यासाठी सुतारकाम करायचे. १९७३च्या जानेवारीत ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने उन्हाळी शाळा सुरू झाली. दर जुलैच्या सुरुवातीला आठवडाभर गावातल्या शाळांमध्ये, सभागृहांत वर्ग भरतात. वर्ग हाच त्या आठवड्याचा कणा, मैफली त्याच्या भोवतीने. शिकवणाऱ्यांत कोणी जगभर दौरे करणारं असतं, कोणी शाळामास्तर, कोणी शेतकरी. ज्युनियर क्रेहन (१९०८–१९९८) हे जवळच्याच भागातले शेतकरी आणि फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिनच), या शाळेच्या उभारणीतल्या लोकांपैकी एक. पोट कशावर भरतं यावरून इथे वादकाची पायरी ठरत नाही.

मी मिरजेत आईकडे गायकी अंगाचं व्हायोलिन शिकले. मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून, एका गजात सात-आठ स्वर ओढायचे, ही माझी सवय. मिलटाउनच्या वर्गात मला हनुवटीखाली वाद्य धरून खुर्चीवर बसावं लागलं. शिक्षक सत्तरीचे, जन्म गाईगुरांत गेलेला, हाताची बोटं जाड. कागद नाही, नोटेशन नाही. ते दोन मात्रा वाजवायचे, आम्ही वाजवायचो, परत ते. जिग होती, म्हणजे नाचाची आयरिश चाल. दादऱ्यासारख्या तीन-तीनच्या सहा मात्रा, पण प्रत्येक तिनातला पहिला स्वर किंचित रेंगाळलेला आणि मधला आखूड. स्वर मला लगेच मिळाले. शेजारी बसलेल्या गावातल्या शाळकरी मुलीच्याही आधी मिळाले. पण माझं वाजवणं त्या चालीसारखं लागत नव्हतं, आणि का ते मला कळत नव्हतं.

ते उठून माझ्याकडे आले, डाव्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. उजव्या मनगटाला हात लावून म्हणाले, ठोक्यावर गज बदलू नकोस, त्याच्या आधीच्या स्वरावर बदल आणि त्याच गजात ठोका ओलांडून जा. मग उरलेली अख्खी सकाळ आम्ही तेवढंच केलं, चाल पुढे गेलीच नाही. वर्गातले एक-दोघे वैतागले, त्यांना दिवसाला तीन चाली हव्या होत्या. मला मात्र त्या एका सूचनेतून पुढची सगळी जिग-रीलं (रील हीही नाचाचीच चाल) उलगडली. असं नेमकं बोट ठेवायला वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं चुकणं ऐकलेलं असावं लागतं. त्याच रात्री ते पबमध्ये कोपऱ्यात बसून वाजवत होते. आदल्या दिवशी जिच्या मैफलीला जागा मिळाली नव्हती ती फिडलवादक त्यांच्या शेजारी येऊन बसली. त्यांनी एक चाल काढल्यावर तिने गज मांडीवर ठेवला आणि फोनवर ती चाल टिपून घेतली.

दुसरं टोकही पाहिलंय. एका वेगळ्या महोत्सवात (नाव सांगत नाही) एका फार प्रसिद्ध वादकाची कार्यशाळा होती. तासभर त्याने दौऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या, तीन चाली झपाट्याने वाजवल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याला आम्ही कान देऊन ऐकायला हवे होतो, शिकायला नको होतो.

आणि इतिहास बघा. केरी आणि कॉर्क या काउंटींच्या सीमेवरच्या श्लीव्ह लूक्रा भागाची जी फिडलशैली आज जगभर वाजते, ती मुख्यतः पाड्रिग ओ'कीफ (१८८७–१९६३) या माणसाच्या शिकवणीतून आली. शाळेतली मास्तरकी गेल्यावर हे गृहस्थ डोंगराडोंगरांतून पायी फिरून घरोघर फिडल शिकवायचे. मुलांसाठी त्यांनी स्वतःची लिपी केली होती: चार तारांसाठी चार घरं आणि बोटांसाठी आकडे. डेनिस मर्फी, ज्युलिया क्लिफर्ड, जॉनी ओ'लीअरी हे सगळे त्यांचे शिष्य. या माणसाला दुसऱ्या फळीतला म्हणायची कोणाची हिंमत आहे?

माझे धाकटे काका मात्र म्हणाले असते. आमच्या घरी ओसरीवर आईचा क्लास चालायचा, गांधर्वच्या परीक्षांना मुलं बसायची, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. काका जेवताना सगळ्यांसमोर म्हणायचे, "वहिनी, ज्यांना मैफल जमत नाही ते क्लास काढतात." आई वाढत राहायची. मैफल जमत नव्हती असं नाही. आम्ही दोघं मुलं, सासू-सासरे आणि रात्रीच्या बैठकांना एकट्या बाईने जायचं नाही असं घर, यात ती बसत नव्हती. पण ते कारणसुद्धा मला आता पुढे करायचं नाही. मंच मिळाला असता तरी तिने शिकवलंच असतं, कारण तिला ते आवडायचं, आणि मिलटाउनच्या त्या शिक्षकांनी मनगटावर ठेवलेला हात मला लगेच कळला तो तिच्यामुळे. तीसुद्धा आधी महिनाभर नुसता गजच चालवायला लावायची.

तुमच्या प्रश्नाकडे येते. वर्गाला नाव घाला, मैफल एखादी बघा. राहायची सोय लवकर करा, गाव लहान आहे. ट्रेन एनिसपर्यंतच येते, पुढे बस. हिंदुस्तानी पद्धतीने सा-प-सा-प मिळवलेलं व्हायोलिन आणू नका, पाश्चात्त्य पद्धतीने जी-डी-ए-ई मिळवून हात बसवून या. वर्गात फोनवर ध्वनिमुद्रण करायची आधी परवानगी घ्या. सेशनमध्ये (पबमधली एकत्र वाजवायची बैठक) खुर्ची ओढून बसण्याआधी विचारा.

हेही सांगायला हवं की मी क्लेअरबद्दल बोलतेय. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा जानेवारीतला केल्टिक कनेक्शन्स (१९९४ पासून) किंवा फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या लोरिआँचा ऑगस्टमधला महोत्सव (१९७१ पासून) हे मुख्यतः मंचाचे आहेत, तिथे तिकिटांवर पैसे घालवणंच योग्य. शिवाय मोठी नावंही उत्तम शिकवतात, आणि साधा शिक्षक कंटाळवाणा निघू शकतो. वर्ग जमला नाही तर कार्यालयात जाऊन बदलून मिळतो का ते विचारा, संकोच करू नका.

काका ही उत्तरं वाचतात, मला माहीत आहे. काका, आईकडे प्रवेशिकेला बसलेली ती दातांना तार लावलेली मुलगी आठवते का? ती आता तुमच्याच नातवाला शिकवते. तुम्हीच फोनवर तिचं कौतुक केलंत. ती कोणाची विद्यार्थिनी, हे नातवाला सांगा.