सगळे किम एकाच भावकीतले का?

प्रश्न: रात्री जेवणं उरकली की लेक आणि सून कोरियन सीरियल लावतात, आता मी पण बसते बघायला. पण जो येतो तो किम, नाहीतर ली, नाहीतर पार्क! हे सगळे भाऊबंद का? आणि काही किम म्हणे अयोध्येच्या राजकन्येचे वंशज, खरंय का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: नाही हो ताई, भावकी एक नाही. दक्षिण कोरियाच्या २०१५ च्या जनगणनेत या तीन आडनावांचेच जवळपास ४५ टक्के लोक निघाले, त्यामुळे तिकडे नुसत्या आडनावावरून काहीच कळत नाही, घराण्याचं मूळगाव विचारावं लागतं, त्याला बोनग्वान म्हणतात. आपल्याकडे स्थळ बघताना कुलकर्णी म्हटलं तरी गोत्र विचारतातच ना, तसंच.

आता ग्योंगजू हे मूळगाव असलेले किम सिल्ला या जुन्या कोरियन राज्याचे, त्यांचा मूळपुरुष म्हणे जंगलात झाडाला टांगलेल्या सोन्याच्या पेटीत सापडला, खाली पांढरा कोंबडा आरवत होता. पार्कांचा पूर्वज अंड्यातून आला. आणि तुम्ही विचारताय ते गिम्हे या मूळगावचे किम, गाया या जुन्या कोरियन राज्याचा राजा सुरो याचे वंशज. इ.स. ४८ मध्ये अयुता देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक समुद्र शांत राहावा म्हणून नावेत दगड घालून आली आणि त्याची राणी झाली, ते दगड म्हणून दाखवतात तो छोटा स्तूप गिम्हेत तिच्या समाधीजवळ आजही आहे. अयुता म्हणजे अयोध्या असं बरेच जण मानतात, २००१ मध्ये अयोध्येत तिचं स्मारकही झालं. पण ही गोष्ट लिहिलेली सापडते ती १३ व्या शतकातल्या ग्रंथात, म्हणजे बाराशे वर्षांनी, तेव्हा दंतकथा म्हणूनच घ्या, इतिहास म्हणून नको.

मला यातला सगळ्यात आवडतो तो भाग म्हणजे राणीने आपलं आडनाव पुढे चालावं असा हट्ट धरला आणि दोन मुलांना ‘हो’ आडनाव मिळालं. म्हणून गिम्हेचे किम आणि गिम्हेचे हो एकमेकांत लग्न करत नसत, आडनाव वेगळं असूनही!

बाकी प्रत्येक किम राजघराण्यातला असं समजू नका, गोरगरिबांना आणि गुलामांना शतकानुशतकं आडनावच नव्हतं, बऱ्याच जणांनी ते १९०९ च्या सरकारी कुटुंब-नोंदणीच्या सुमारास घेतलं आणि घेताना साहजिकच नावाजलेलं घेतलं. तरी एक आडनाव एक मूळगाव असलेल्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती, ती तिथल्या घटना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली १९९७ मध्ये. आपल्याकडे सगोत्र लग्नाची कायद्यातली अडचण १९४६ लाच गेली होती.