परभणीजवळ दहा गुंठ्यांना देशी झुडपांचं कुंपण करायचंय, कोणती झुडपं लावावीत?

तुम्ही लिहिलंय की जमीन काळी आहे, उन्हाळ्यात बोअरला पाणी राहत नाही, शेरडं मोकळी फिरतात, आणि कुंपण आपल्याकडच्याच झुडपांचं हवंय. मी अहमदपूरकडचा. हे सगळं भोगून झालंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रोपवाटिकेत जायच्या आधी मे महिन्यात तुमच्या गावच्या गायरानात एक चक्कर मारा. शेरडं-मेंढरं चरून गेलीत, वरून ऊन भाजतंय, आणि तरीही जे हिरवं उभं आहे, ते तुमचं कुंपण. मला हे उशिरा कळलं. मी आधी डुरांटा लावला होता, दिसायला फार देखणा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्याकडं प्यायच्याच पाण्याचे वांधे, कुंपणाला कुठून घालणार? सगळी रांग वाळून गेली. तिथून पाच पावलांवर बांधावर आपोआप उगवलेला तरवड मात्र हिरवागार होता.

म्हणून माझं पहिलं नाव तरवडच. शेरडू त्याला सहसा तोंड लावत नाही. मुरमात, माळावर, बांधावर कुठंही तग धरतो. दसऱ्याच्या सुमारास पिवळाधमक होतो. शेजारच्या तेलंगणानं याच फुलाला राज्यफुलाचा मान दिलाय. पूर्वी याच्या सालीनं कातडं कमवायचे. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ. वाळल्या की बोटांनी चोळल्या तरी बी मोकळं होतं. बी टणक असतं, तेव्हा खरखरीत फरशीवर जरा घासून रात्रभर पाण्यात ठेवा आणि जागेवरच टोका. तरवड चार-सहा फुटांच्या वर फारसा जात नाही, त्यामुळं एकट्यावर भागत नाही.

तुमच्या काळ्या रानात खोलगट बाजू असेल, जिथं पावसाचं पाणी तुंबतं, तिथं निर्गुडी लावा. ती ओढ्याकाठची, तिला ओल चालते आणि नंतरचा कोरडा काळही चालतो. बोटाएवढ्या जाडीच्या काड्या पावसाळ्यात खोचल्या की बहुतेक फुटतात. बांधावरच्या निर्गुडीच्या काड्या मागितल्या तर आपल्याकडं कुणी नाही म्हणत नाही. अडुळशाचंही तसंच, काडीनं येतो आणि शेरडं खात नाहीत. घरात खोकल्याला पानं होतात, हा वरचा फायदा.

करवंद मला सगळ्यात आवडतं, पण घाई असेल त्याच्यासाठी ते नाही. पहिली दोन वर्षं जागचं हलत नाही. एकदा जमलं की मात्र काटे असे की कुत्रंसुद्धा आत शिरत नाही. पाणी साचलं तर मुळं सडतात, म्हणून उंचवट्याच्या बाजूला, चर खणून त्यात मुरूम मिसळून लावा. बी साठवून ठेवू नका. पिकलेलं करवंद खाल्लं की त्याच आठवड्यात पेरा.

रानडुकरं येत असतील तर फक्त त्या कोपऱ्यात सागरगोटा लावा. काटे आकड्यासारखे वळलेले, अंगात अडकले की सुटत नाहीत. घराजवळ, लेकरांच्या वाटेवर अजिबात नको, तो आडवातिडवा पसरतो.

घाणेरी आणि वेडी बाभूळ कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या. घाणेरी खाल्ली तर जनावराला विषबाधा होते, आणि वेडी बाभूळ शेजाऱ्याच्या रानात घुसली की भांडण ठरलेलं.

लावणी मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर करा. दोन ओळी, रोपात दीड-दोन फूट अंतर, आणि दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळं उघडी पडतात, म्हणून बुडाशी सोयाबीनचं भुसकट चांगलं जाड अंथरा. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी बादलीभर पाणी द्यावंच लागेल, त्याला इलाज नाही.

झुडूप गुडघ्याएवढं झालं की शेंडा छाटा. जिवावर येतं, पण नाही छाटलं तर वर झाड आणि खाली भोक होतं, शेरडू नेमकं तिथूनच येतं. पुढं मात्र दरवर्षी कात्री लावण्याआधी वाकून आत बघा. माझ्या करवंदात बुलबुलाचं घरटं निघालं होतं; तेवढा तीन हातांचा तुकडा पिल्लं उडेपर्यंत मी तसाच ठेवला.