भिंतीवर काय लावायचं?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पगारवाढ थांबली, काही जणांना घरी बसवलं, आणि उरलेल्यांना धीर देणारं पोस्टर करायचं काम तुझ्याकडे आलं. तुझा नमुना पाहिला. लाल जमीन, वर मुकुट, खाली पांढऱ्या अक्षरांत ‘कीप काम अँड कॅरी ऑन’. डोकं शांत ठेवा, काम चालू ठेवा. मलाही ते पोस्टर फार आवडतं. तरी तुमच्या ऑफिसात ते लावू नकोस, असं आग्रहानं सांगतो.

१९३९ मध्ये युद्ध तोंडावर आलं, तेव्हा ब्रिटनच्या माहिती खात्यासाठी तीन पोस्टरं तयार झाली. त्यांतली दोन प्रत्यक्ष भिंतींवर लागली. हे तिसरं, मोठे हवाई हल्ले झाले की बाहेर काढायचं म्हणून, सुमारे २५ लाख प्रती छापून राखून ठेवलं. लागलेल्यांपैकी एकावर होतं की तुमचं धैर्य, तुमचा उत्साह, तुमचा निश्चय आम्हाला विजय मिळवून देईल. त्यावर टीका झाली. सोसायचं सामान्यांनी आणि जिंकायचं वरच्यांनी, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. तुझ्या ऑफिसातले लोकही नेमकं हेच वाचतील.

तिसऱ्याची मात्र पाळीच आली नाही. १९४० मध्ये कागदाची चणचण झाली आणि बहुतेक प्रतींचा लगदा केला गेला. त्याच सप्टेंबरपासून लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडू लागले, तेव्हा धीर द्यायला हे पोस्टर नव्हतंच. मग लोक तगले कशावर? जानेवारीपासून लोणी, साखर रेशनवर होती, माणशी वाटा ठरलेला होता. भुयारी रेल्वेत आसरा द्यायला सरकार आधी नाखूश होतं. लोक तिकीट काढून खाली उतरले आणि वर येईचनात, तेव्हा सरकार नमलं, आणि पुढे तिथे झोपायला खाटा आल्या, संडास आले, चहाची सोय झाली. मला या इतिहासातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि पोस्टरच्या गोष्टीत तो कुणी सांगत नाही.

२००० मध्ये इंग्लंडच्या नॉर्थंबरलंडमधल्या ‘बार्टर बुक्स’ या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, लिलावात घेतलेल्या एका पेटीत, एक प्रत सापडली. मालक स्टुअर्ट आणि मेरी मॅन्ली यांनी ती चौकटीत बसवून गल्ल्यापाशी लावली. गिऱ्हाइकं मागायला लागली, तशा त्यांनी नव्या प्रती छापल्या. २००८ ची मंदी आली आणि ते वाक्य मगांवर, टी-शर्टांवर, सगळीकडे पोचलं. लोकांनी ते स्वतःच्या पैशानं घेतलं, स्वतःच्या स्वयंपाकघरात लावलं. छापणाऱ्या त्या जुन्या सरकारला आता त्यांच्याकडून काही नको होतं. तुझ्या साहेबांना मात्र हवं आहे: तेवढ्याच पगारात जास्त काम, तेही तक्रार न करता.

म्हणून साहेबांकडे जा आणि चार गोष्टी विचार. पगारवाढ कधीपर्यंत थांबली आहे? आणखी माणसं काढणार का? वरच्यांनी स्वतःचा पगार किती कमी केला? अडचण आली तर कुणाला भेटायचं? उत्तरं मिळाली तर ती साध्या अक्षरांत, तारीख घालून लाव. मुकुट नको, घोषवाक्य नको. उत्तरं द्यायला ते तयार नसतील, तर हे काम माझ्याकडून होणार नाही, असं नम्रपणे सांग. तुलाही नोकरीची गरज आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून जाण्याआधी मला फोन कर. कसं बोलायचं ते आपण ठरवू.