तो उभ्याउभ्या का जेवतो?

*माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. आई-वडील थकलेत, त्यामुळे डॉक्टर, गोळ्या सगळं मीच बघते. आवाज ऐकू येणं, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटणं, हे गोळ्यांनी थांबलं होतं. पण दिवसभर झोप यायची म्हणून तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गोळी बदलली. नंतर काही दिवसांतच तो अस्वस्थ झाला. मी तसं सांगितल्यावर मात्रा वाढवली. उपयोग शून्य, उलट बिघडलाच. रात्रभर घरात फिरतो, जेवतो तेही उभ्याउभ्या, काही म्हटलं की खेकसतो. मागच्या आठवड्यात त्याच्या उशीच्या अभ्र्यात अकरा गोळ्या सापडल्या. मी एवढं करते, त्याला काही किंमत नाही. आता गोळी कुटून, न सांगता त्याच्या जेवणात घालावी असं वाटतं. माझं चुकतंय का?*
*– थकलेली ताई*

थकलेल्या ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडले. ‘जेवतो तेही उभ्याउभ्या.’ खेकसणं आणि रात्रीचं फिरणं यांच्या मध्ये हे तीन शब्द टाकून तुम्ही पुढे गेलात. भूक लागलेला तरणा माणूस ताटासमोर बसत का नाही, हा प्रश्न घरात एकालाही पडला नाही?

बसत नाही आणि बसता येत नाही, यांत फार अंतर आहे.

१९०१ साली लादिस्लाव्ह हाश्कोव्हेत्स नावाच्या चेक डॉक्टरांना असे दोन रुग्ण भेटले, ज्यांना खुर्चीत बसून राहणंच जमत नव्हतं. त्यांनी ग्रीकवरून शब्द घडवला, अकाथिझिया. अर्थ अगदी साधा: न बसणं. तेव्हा स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्या जन्मालाही आल्या नव्हत्या. त्यातली पहिली, क्लोरप्रोमाझीन, मानसोपचारात आली १९५२ साली. पुढे अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हीच अवस्था इतकी दिसू लागली, की आज हा शब्द मुख्यतः औषधाच्या दुष्परिणामासाठीच वापरतात.

ज्यांनी ते सोसलंय त्यांचं ऐकलं तर अंगावर काटा येतो. पायांत कुणी किल्ली भरून ठेवल्यासारखं होतं. बसलं की उठावंसं वाटतं, उभं राहिलं की भार या पायावरून त्या पायावर न्यावा लागतो. चाललं की जरा बरं, थांबलं की पुन्हा तेच. आणि हे दिवसरात्र. अशा माणसाला तुम्ही ‘बस की जरा शांत’ म्हणणार आणि तो खेकसणार नाही?

मी डॉक्टर नाही, पत्रावरून निदान करत नाही. पण क्रम तुमच्याच पत्रात आहे, पाहा. गोळी बदलली, काही दिवसांत तो सैरभैर झाला. मात्रा वाढली, तो आणखी बिघडला. या गोळ्या मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या ग्राहकांना, म्हणजे ते टिपणाऱ्या पेशींवरच्या जागांना, अडवतात. त्यानेच भास आणि संशय निवतात. मेंदूच्या चित्रणांतून दिसलंय, की साधारण ६५ टक्के ग्राहक अडले की गुण येऊ लागतो, आणि ७८ टक्क्यांच्या वर गेलं की ताठरपणा, थरथर, ही बेचैनी यांची शक्यता वाढते. मधली पट्टी अरुंद आहे. शिवाय प्रत्येक गोळीचा स्वभाव वेगळा: एक झोपवते, दुसरी बसू देत नाही.

आता तुमची चूक. डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत ‘अस्वस्थ आहे’. या शब्दात भासही बसतात, भीतीही बसते आणि न थांबणारे पायही. डॉक्टरांनी आजार उसळलाय असं धरलं असावं आणि मात्रा वाढवली. अकाथिझिया असेल, तर ते आगीत तेल झालं. अशी गफलत अनुभवी डॉक्टरांकडूनही होते, मान्य. पण त्या खोलीत तुमचा भाऊ एक वाक्य तरी बोलला का? माझा अंदाज आहे, तुम्ही आत बोलत होतात आणि तो बाहेर येरझाऱ्या घालत होता.

राहिली किंमत. ज्या गोळीने अंगाची लाही होते ती रोज हातावर ठेवणाऱ्याचे आभार कोण मानतं? तुम्ही थकलात, ते खरंच आहे. पण ती हिशोबाची वही आज मिटा.

कुटून घालू का? नाही. काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात, त्या कुटायच्या नसतात. तो अधूनमधून स्वतः घेत असेल, तर मात्रा दुप्पट होईल. आणि मला खरा राग येतो तो याचा: अन्नात कुणी काही कालवलंय, ही या आजारातली नेहमीची शंका. ती खोटी आहे असं इतके दिवस समजावून आता तुम्ही ती खरी करणार?

गोळीची बाजू मी सोडत नाही, हेही ऐका. २०१२ साली अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं, तेव्हा वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत २७ टक्के आणि औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ६४ टक्के होतं. गोळी हवीच. मात्र ही, एवढ्या मात्रेत, हे पुन्हा तपासायला हवं. घरच्या घरी बंद करू नका.

म्हणून एकच करा: उद्या फोन करून मिळेल ती पहिली वेळ घ्या आणि भावाला आत न्या. एका कागदावर तीन तारखा लिहा – गोळी कधी बदलली, फिरणं कधी सुरू झालं, मात्रा कधी वाढली. कागद टेबलावर ठेवा आणि तोंड मिटा. त्याला बोलू द्या. तो गप्प राहिला, तर एवढंच विचारा, ‘डॉक्टर, हा अकाथिझिया असेल का?’ खरं तर डॉक्टरच हे जोखतात, माणसाला निदान दोन मिनिटं बसवून आणि दोन मिनिटं उभं ठेवून पाय पाहतात. त्यासाठी १९८९ पासून एक मापनपद्धती वापरात आहे. ती चार मिनिटं मागून घ्या. मात्रा उतरवणं, गोळी बदलणं, प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध जोडणं (दमा असेल तर आधी सांगा), असे मार्ग त्यांच्याकडे आहेत.

एक गोष्ट मात्र फोनच्याही आधी. त्या अकरा गोळ्या त्याने फेकल्या नाहीत, साठवल्या. कदाचित लपवायला दुसरी जागा नसेल. पण या बेचैनीत जीव नकोसा होतो, म्हणून त्याला सरळ विचारा, ‘मरून जावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला किंवा नुसता गप्प झाला, तर वेळ मिळायची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या, तोवर एकटं सोडू नका. आणि घरातल्या गोळ्या, त्या अकरासुद्धा, तुमच्या ताब्यात कुलपात ठेवा.

हे सगळं समोर बसवून विचारू नका. आज रात्री तो फिरायला लागला की उठा आणि त्याच्या शेजारून चाला. दोन-चार फेऱ्या काही बोलू नका. मग विचारा, पायांत होतंय की डोक्यात? जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत त्या तारखांच्या कागदावर लिहून घ्या.