गोव्यात नववीपासून तांत्रिक विषय घेतला तर पुढची वाट बंद होते का? अशा शाळांची परंपरा काय आहे?

तुमची मुलगी सत्तरीतल्या एका शाळेत आठवीत आहे, नववीला तिला ऑटोमोबाईल हा व्यावसायिक विषय घ्यायचा आहे, आणि तांत्रिक शिक्षण हे अभ्यासात मागे पडलेल्यांसाठीच असते असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी गोव्यातच आयटीआयमध्ये (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत) फिटर ट्रेडचा, म्हणजे यंत्रांचे भाग घडवून जुळवण्याच्या कामाचा, शिक्षक म्हणून निवृत्त झालो. वाट बंद होत नाही, हे मी खात्रीने सांगतो. मात्र विषयाच्या नावावर जाऊ नका; त्या शाळेची कार्यशाळा खरोखर चालते का, हे स्वतः जाऊन पाहा.

पूर्वी हातातली विद्या घरातच राहत असे. डिचोलीचा कासार आपल्या मुलाला समई घडवायला शिकवी, कुंकळ्ळीचा चितारी लाकडावर लाखेचा रंग चढवायला शिकवी. परंतु त्या घरात न जन्मलेल्या मुलाला ती विद्या सहसा मिळत नसे आणि मुलींचा तर विचारही होत नसे. हे दार तांत्रिक शाळांनी उघडले, आणि त्याबद्दल आपण त्यांचे पुरेसे ऋण मानत नाही असे मला मनापासून वाटते. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तर १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. आजचे आयटीआय तिच्यातूनच आले. माध्यमिक शाळेतच तांत्रिक, शेतकी, वाणिज्य अशा शाखा असाव्यात, ही शिफारस मुदलियार आयोगाने, म्हणजे केंद्राच्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, १९५२-५३ मध्ये केली. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी, त्यामुळे हा सगळा प्रवाह आपल्यापर्यंत दहा वर्षे उशिरा पोहोचला.

पुढे १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने अकरावी-बारावीच्या १० टक्के विद्यार्थ्यांना १९९० पर्यंत आणि २५ टक्क्यांना १९९५ पर्यंत व्यावसायिक शाखेकडे वळवण्याचे ठरवले, १९८८ मध्ये त्यासाठी केंद्राची योजनाही आली, पण ते लक्ष्य गाठता आले नाही. माझ्या मते याचे मोठे कारण असे, की शाळांना यंत्रे देताना ती यंत्रे चालवू शकणाऱ्या शिक्षकाच्या कायम नोकरीचा विचार तितक्या गांभीर्याने झाला नाही. एका शाळेत मी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कातण्याचे यंत्र, ताडपत्रीखाली झाकलेले पाहिले आहे. ते शिकवणारे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी सोडून गेले होते, आणि मुले लेथच्या भागांची नावे फळ्यावरून उतरवून घेत होती. ते पाहून मला फार वाईट वाटले.

तुमची मुलगी घेणार आहे तो विषय २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातला असावा. त्यात नववी ते बारावी चढते स्तर ठरवलेले असून भाषा, गणित, विज्ञान यांचा अभ्यास सुटत नाही. दहावीनंतर ती अकरावीला जाऊ शकते, पदविकेला जाऊ शकते किंवा आयटीआयला. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, तर वेल्डर आणि प्लंबर एका वर्षाचे आहेत. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केल्यावर नियमांनुसार पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर तसाच पदवीच्याही दुसऱ्या वर्षाला. फर्मागुढीच्या पठारावर आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय ही दोन्ही आहेत, आणि एकातून निघून पदविकेच्या मार्गाने दुसऱ्यात शिरणे शक्य आहे.

वर्गात न मिळणारे असे या शिक्षणात काय असते, ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मुलाला मी आधी पोलादी पट्टीचा एक तुकडा आणि कानस देत असे. तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंजात, घट्ट धरायचा, कडा कानशीने सपाट करायची, मग तिच्यावर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) टेकवून उजेडाकडे धरायचे. गुण्या आणि कडा यांच्यामधून केसाएवढी जरी उजेडाची रेघ दिसली, तरी काम पुन्हा करायचे. पहिले आठ दिवस रेघ दिसायचीच. ज्या दिवशी ती दिसेनाशी होई, त्या दिवशी मुलाला कोणी शाबासकी देण्याची गरज उरत नसे, कारण निकाल त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असे. सत्तरी-डिचोलीत तुम्हीही पाहिले असेल, की २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा अनेकांचा रोजगार गेला. माझ्या ओळखीच्या मुलांपैकी ज्यांना इंजिनातला बिघाड नेमका शोधता येत होता, ते वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा स्वतःच्या गॅरेजमध्ये लवकर सावरले.

तेव्हा होकार देण्याआधी शाळेत जा, आणि शक्यतो भर पावसाळ्यात जा. आठवड्यातले किती तास प्रत्यक्ष कामाचे असतात, विषयाचे शिक्षक किती वर्षे टिकून आहेत आणि मुली इंजिन उघडतात की केवळ वही पूर्ण करतात, हे विचारा. मग कार्यशाळेतल्या व्हाइसचे जबडे जवळून पाहा. आपल्याकडच्या दमट हवेत चार दिवस हात लागला नाही, तर त्यांच्यावर तांबूस गंज धरतो. जिथे मुले रोज काम करतात, तिथे जुलैतही ते तेलाने चकचकीत दिसतात.