मॉड्यूल काढताना बोर्ड का गोठतो?

प्रश्न: चिपमधल्या एडीसीसाठी (ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणारा भाग) आम्ही लिनक्स ड्रायव्हर लिहिला आहे. मेमरी आणि इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) डेव्हएम फंक्शनांनी घेतो, म्हणजे ते सोडण्याचं काम कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) असतं. एडीसीला चालवणारा क्लॉक मात्र प्रोबमध्ये (ड्रायव्हर बसताना चालणारं फंक्शन) हाताने चालू करतो आणि रिमूव्हमध्ये (तो काढताना चालणारं फंक्शन) बंद करतो. एरवी सगळं ठीक चालतं, पण ड्रायव्हरचं मॉड्यूल काढताना अधूनमधून बोर्ड गोठतो. लीक, म्हणजे सोडायची राहून गेलेली गोष्ट, कुठेच सापडत नाही.

उत्तर: लीक नाहीच, सोडण्याचा क्रम चुकला आहे. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी कर्नल स्वतः सोडतो, पण रिमूव्ह संपल्यानंतर. तुम्ही क्लॉक बंद करता तेव्हा इंटरप्ट अजून नोंदलेलाच असतो. त्या फटीत तो आला, तर हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) क्लॉक नसलेलं रजिस्टर वाचायला जातो आणि अनेक एआरएम चिपांवर तिथेच बस अडकते किंवा एक्स्टर्नल अबॉर्ट (बसवरून आलेला एरर) येतो. प्रोब अर्ध्यात फसला तरी हीच फट उघडते, कारण एरर लेबलवर (फसल्यावर आवराआवर करणाऱ्या ओळींवर) आधी क्लॉक बंद होतो आणि इंटरप्ट मागाहून सुटतो.

इंटरप्ट लाइन सामायिक असेल तर एडीसी शांत करूनही भागत नाही. शेजारच्या डिव्हाइसचा इंटरप्ट आला तरी तुमचा हँडलर बोलावला जातो.

उपाय सोपा आहे: इंटरप्ट नोंदवण्याच्या आधी क्लॉक डेव्हएम_क्लॉक_गेट_एनेबल्डने घ्या आणि रिमूव्हमधली क्लॉकची ओळ काढून टाका. डेव्हएम उलट्या क्रमाने सोडतं, त्यामुळे आधी इंटरप्ट जाईल, मग क्लॉक. जुन्या कर्नलमध्ये हे फंक्शन नसेल, तर क्लॉक चालू केल्यावर लगेच डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेटने तो बंद करण्याचं काम नोंदवा. ही नोंदणीच फसली तर ते बंद करण्याचं काम स्वतःच उरकतं. तिथे पुन्हा हाताने क्लॉक बंद केलात तर तो दोनदा बंद होईल. रिव्ह्यूमध्ये आमचा आग्रह एवढाच असतो: प्रोबमध्ये एकदा हाताने काही घेतलं की त्याच्या पुढे डेव्हएम नको. हँडलर वर्क (नंतर करायचं काम) रांगेत लावत असेल, तर ते रद्द करणारं कॅन्सल_वर्क_सिंक इंटरप्ट सोडल्यानंतरच. आधी केलं तर हँडलर ते पुन्हा लावू शकतो.

प्रश्न: दुसऱ्याचा पॅच तपासताना एरर पाथमध्ये नेमकं काय बघावं?

उत्तर: प्रत्येक गोटूपाशी (लेबलवर उडी मारणाऱ्या ओळीपाशी) थांबून विचारा, इथवर काय काय घेतलं आणि लेबल तेवढंच सोडतं का. मग रेट (प्रोबने परत करायचं मूल्य ठेवणारं चल) बघा. गोटूच्या आधी त्यात एरर भरायचा राहिला, तर प्रोब सगळं सोडून देऊन शून्य परत करतो. कर्नलला वाटतं ड्रायव्हर बसला आणि पुढे रिमूव्ह त्याच गोष्टी दुसऱ्यांदा सोडतो. स्मॅच (कोड न चालवता तपासणारं साधन) हे बऱ्याचदा पकडतो.

परत येणाऱ्या मूल्याची तपासणीही फसवी असते. फसल्यावर डेव्हएम_केझेडॲलॉक नल देतं, डेव्हएम_क्लॉक_गेट मात्र एरर पॉइंटर (एररचा आकडा दडवलेला पॉइंटर). तिथे नल तपासून काहीच हाती लागत नाही. प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यूचं उत्तर अनसाइन्ड (उणे आकडा न मावणाऱ्या) चलात ठेवलं तर 'शून्यापेक्षा लहान' ही अट कधीच खरी होत नाही. डिव्हाइस जागं करणारं पीएम_रनटाइम_गेट_सिंक फसलं तरी वापराचा आकडा वाढवून ठेवतं. त्याऐवजी पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट मागा.

वाचून झाल्यावर चालवून बघा. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची तपासणी) चालू ठेवा, प्रोबच्या एकेका पायरीवर तात्पुरता उणे ईनोमेम (मेमरी नसल्याचा एरर) परत करा, आणि इंटरप्ट येत असतानाच सिसएफएसमधल्या (कर्नलच्या फाइलींमधल्या) अनबाइंड-बाइंडने ड्रायव्हर काढण्या-बसवण्याचा फेरा लावा. लाइन सामायिक असेल तर कर्नलचा कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू हा पर्याय चालू करा: इंटरप्ट सोडताना कर्नल मुद्दाम एकदा हँडलर बोलावतो, आणि पहिल्या प्रश्नातला दोष अधूनमधून न दिसता दर वेळी समोर येतो.